साडेतीन

निपाणीत वखारीच्या गल्लीचा
पत्ता विचारावा लागत नाही.
नाक आधी पोचतं, मग चप्पल.
माझ्या पिशवीत एकशेवीस फॉर्म:
साठ बायका, ज्यांची पोरं
अडीच किलोच्या आत जन्मली,
आणि साठ, ज्यांची पुरी भरली.

त्या दुसऱ्या साठांतली अंबव्वा नाईक
दारातच म्हणाली,
'माझं बाळ धडधाकट हाय की.
मला कशाला इचारतासा?'
एका पारड्यानं वजन होत नाही, अंबव्वा.

तिनं चहा टाकला.
पोटुशी असताना वखारीत किती महिने?
'गेले असंन. चार? का पाच?
बेंदूर होता का दसरा...
कोण ध्येनात ठेवतंय, बाई.'

पलीकडच्या बोळात मालन सनदी.
लेक एक किलो नऊशे.
तिला सगळं आठवत होतं.
सातवा महिना, मंगळवार,
चाळणीखालचा खकाणा पदरातून आत गेला,
ठसका थांबेना,
मुकादमानं दिलेलं पाणी कोमट होतं.
त्या दिवसाची तिनं इतक्यांदा झडती घेतली होती
की कोपरा न् कोपरा पाठ.
सुखरूप सुटलेल्या आईकडे
असा हिशेब कुणी मागितलेलाच नसतो.
दोघींचं 'हो' एकाच चौकटीत कसं लिहू?
लिहिलं.

रात्री लॉजवर चार खणांचा तक्ता.
वखारवाल्या छत्तीस, बाकी चोवीस.
खाली अठरा, बेचाळीस.
तिरपं गुणलं इकडून, तिरपं तिकडून,
भागलं.
साडेतीन.
आपल्याकडे मुहूर्तही साडेतीनच,
पण हा कशाचाच मुहूर्त नव्हता.

'म्हंजे शंभरात किती जणींचं असं हुतंय?'
मालननं विचारलं.
ते नाही सांगता येत.
शंभर मी मोजल्याच नाहीत, मालन.
तुम्ही साठ जणी मीच वेचून आणल्या,
दुबळी पोरं किती घ्यायची ते आधी ठरवून.
साडेतीनचा अर्थ एवढाच
की मागं वळून पाहिलं
तर तुमच्या बाजूला खकाणा दाट दिसतो.
'आन् माझ्या लेकीला त्येनंच झालं?'
तेही नाही.
ती हसली.
'मग तुमी शिकलासा तरी काय?'

दिवाळीनंतर परत येईन,
या खेपेला पुढच्या दिशेनं चालत.
ज्या पोटुशा, त्यांची नावं आधी,
वखारीत जाणाऱ्या, न जाणाऱ्या,
मग महिने मोजत बसायचं.
तेव्हा सांगता येईल शंभरात किती.
त्यासाठी शंभरातल्या तेवढ्यांचं
आधी तसं व्हावं लागेल.
मी कुणाला आत धाडायचं नाही,
कुणाला अडवायचं नाही.
बघायचं.

सकाळी आठाचा भोंगा.
मालनची जाऊ डबा घेऊन निघाली,
चालण्यावरून पाचवा असावा.
पदर दुहेरी बांध गं नाकाला,
मी हळूच म्हटलं,
आणि इकडं तिकडं पाहिलं.
फॉर्ममध्ये याला खण नाही.