जुनं दळण

सोमवारी सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डात
हळद होती, पोती होती, व्यापारी आले होते,
फक्त पेढीचं सॉफ्टवेअर कुणालाच आत घेईना.

पद्मण्णा मगदूम एका बोटाने टाइप करतात.
अकरा वर्षं तोच शब्द, स्क्रीनकडे न बघता.
"माझं बरोबर हाय की वो ताई,"
तिसऱ्यांदा लाल अक्षरं उमटल्यावर म्हणाले,
आणि मग, दबक्या आवाजात,
"का मीच इसरलो?"

वय सदुसष्ट. या वयात हा प्रश्न
पासवर्डपुरता राहत नाही.

सर्व्हर मी बदलला होता, रविवारी रात्री.

शब्द आम्ही ठेवतच नाही, काका.
शब्द आम्ही दळतो.
चिमूटभर मीठ घालतो, प्रत्येकाचं वेगळं,
आणि डबीत नुसती पूड ठेवतो.
पुडीचं परत हळकुंड होत नाही,
हे यार्डात मी कुणाला शिकवायचं?
तुम्ही दारात आलात की पुन्हा हळकुंड मागायचं,
तसंच दळायचं,
पुडीला पूड लावून बघायची.

"मग?"

मग चक्की बदलली.
जुनी दहा हजार फेरे फिरायची,
नवी सहा लाख, चोराला जड जावं म्हणून.
सेटिंगमधली एक ओळ. मी वाचली नाही.
हळकुंड तेच, मीठ तेच,
पूड जुळेना.

पद्मण्णांनी टोपी काढली, परत घातली.
"म्हंजे मी न्हाई चुकलो."
"नाही काका. मी चुकले."

दुपारी कागदातलं भडंग खात
मी कोपऱ्यात जुनी चक्की परत मांडली:
आधी नवीत बघ. नाही जुळलं तर जुनीत.
जुनीत जुळलं तर तिथल्या तिथे नवीत दळून ठेव,
कुणाला काही विचारू नकोस.

साडेचारला पद्मण्णा आत गेले.
मागे वळून बघितलंही नाही.

त्याला आता पाच महिने झाले.
त्रेचाळीस नावं होती,
एकेक येत गेलं, बारीक होत गेलं.
एकच पूड अजून जाडीभरडी आहे.
बाबालाल मुजावर, तोलाईदार.
कुणी म्हणतं मिरजेला लेकीकडे असतात,
कुणी नुसतं वर बघतं.

मेल येतो: जुनी चक्की काढून टाका, धोका आहे.
खरं आहे. धोका आहे.
मी उत्तर लिहिते,
पुढच्या सोमवारी.