सात

बाराशे चाळीसला एक, असे सात घेतले
दिवाळीच्या बोनसातून.
आईला म्हटलं, बँकेत ठेवलेत.

नॉमिनी: हसुराम पदू मढवी. नातं: वडील.
त्यांचं आधार कार्ड मागितलं, तेव्हा सांगावंच लागलं.

"कुठं हाय ते?"
मी मोबाईल पुढे केला.
त्यांनी चष्मा बनियनला पुसला, पुन्हा पाहिलं.
"सातबारा?"
"सातच आहेत, बाबा. बारा नाहीत."
हसले नाहीत.
"बांधाला कोन हाय?"

घणसोलीची आमची खाडीकडची जमीन
शिक्का बसून गेली, तेव्हाचा गुंठ्याचा भाव
ते अजून पैशासकट सांगतात.
आजचा कुणी सांगू लागलं
की उठून अंगणात जातात.

मंगळवारी अकरा टक्के पडला.
रबाळ्याला, डब्याच्या सुट्टीत, लॅबच्या जिन्यात
मी स्क्रीन बोटाने खाली ओढत राहिले,
आकडा ताजा व्हावा म्हणून.
झाला ताजा. आणखी लाल.

रात्री ताटात बोईट होतं.
"किती गेलं?"
"नऊशे पंचावन्न."
"इकलंस?"
"नाही."
"मंग गेलं कसं? इकलं की जातं."
आणि काटे काढत बसले, बराच वेळ.
इतके काटे बोईटाला नसतात.

हल्ली साडेतीनला, बाजार मिटला की
त्यांचा फोन येतो.
भाव विचारत नाहीत.
"साती हायेत ना?"
दिवेलागणीला गोठ्यात गुरं मोजावीत तसं.

हायेत, म्हणते मी.