नावावर

टहिलियानी जरीपटक्याहून आला तेव्हा
मी कुलरच्या टाकीत पाणी भरत होते.
पाईप तसाच सोडून दार उघडलं.
दोन खोकी, रद्दीचा गठ्ठा
आणि सोनाराकडे असतं तसलं एक भिंग.

आई म्हणाली, बसा, सरबत करते.
तो आधीच उकिडवा, कपाटासमोर.
हे कपाट बेसाच्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावत नाही.
मी माप घेऊन आले आहे, दोनदा.

दोनशे सतरा गाड्या.
काडेपेटीएवढी फियाट, तळहातभर मर्सिडीज,
कलकत्त्याला ओतलेली एक निळी व्हॅन
जिचं मागचं दार अजून टक्‌ करून लागतं.
बाबा गिरीपेठेत, आरटीओत, एकतीस वर्षं क्लार्क.
दिवसभर लोकांच्या गाड्या लोकांच्या नावावर चढवायच्या,
साडेसहाला लुनाला पायडल मारत घर गाठायचं.
लुनाचा हॉर्न मेलेला,
तोंडानेच म्हणायचे, ओ भाऊ, ओ भाऊ.

टहिलियानी प्रत्येक गाडी उलटी करतो.
पोटावर कंपनीचं नाव असतं म्हणे.
रंग ओरिजिनल. हिचे टायर बदलले.
इथे जंग लागला ना ताई.
कुलरची ओल, मी सांगते.
पस्तीस उन्हाळे एकाच खोलीत काढले
त्यांनी आणि आम्ही.

डबे आहेत का? डब्यासकट भाव दुप्पट.
डबे नाहीत. रजिस्टर आहे.

लाल कापडी पाठीचं, पदरच्या पैशाचं.
सरकारी टाचणीसुद्धा त्यांनी घरी आणली नव्हती.
रकाने आखलेले : नंबर, मेक, रंग, मालक, शेरा.
एमएच एकतीस, शून्य शून्य शून्य एकपासून पुढे,
आणि मालकाच्या रकान्यात
तांडापेठेतली सगळी माणसं बसवलेली.

जग्वार : नत्थू हेडाऊ, विणकर.
रोल्स रॉईस : यादोराव शिपाई, तळमजला.
आगीचा बंब : कौसल्याबाई, नळावरच्या.
बिनटपाची स्पोर्ट्‌स : गणपत निमजे. शेरा : टोपी घालावी.
अँब्युलन्सपुढे एक नाव लिहून खोडलेलं.
मग दुसरं. तेही खोडलेलं.
मग रकाना कोराच सोडलेला.

मी माझं नाव शोधत गेले,
बोट ओलं करून, पान पान.
शून्य एक चार दोन. रोडरोलर, हिरवा, लाल चाकांचा.
मालक : कु. सुलभा देवाजी पराते.
शेरा : सावकाश चालते. ब्रेक लागत नाही.

टहिलियानीने भिंग नेमकं त्याच्यावरच धरलं.
हा पीस मस्त. ह्याचे पस्तीसशे.
चार हजार, मी म्हटलं.
अडतीसशेला माझा रोडरोलर
कालच्या पेपरातल्या निविदांमध्ये गुंडाळला गेला.

आई, तुझी कोणती?

ती गाळणीवर लिंबाच्या बिया दाबत होती.
"मले इचारलं होतं त्यायनं. म्या म्हटलं, नोको बाप्पा,
मले गाडी लागते.
रामटेकले जायचं तं हुंगायले लिंबू लागते."
मग, पाठ तशीच ठेवून,
"तरी काहीतरी लिहिलं असन. पाय बरं."

नव्हतं लिहिलं. दोनदा पाहिलं.
दोनशे सतरा ओळी, त्यात दूधवाला होता,
दूधवाल्याचा जावई होता.

आहे, मी म्हटलं. निळी व्हॅन.
आणि ढोमणे दूधवाल्यावर अंगठा ठेवला.

टहिलियानीने खोक्यातून व्हॅन परत काढली,
हिशेबातून अठराशे वजा केले.
उरलेल्या दोनशे सोळांसाठी
रजिस्टरच्या शेवटच्या पानावर सही मागितली मी त्याला.
हसला. तारीख घालू का?
घाला.

तो गेल्यावर आठवला पाईप.
टाकी कधीच भरून पाणी अंगणभर,
चपला तरंगत गेटपर्यंत गेलेल्या.
मी झाडू घेऊन पाणी लोटत राहिले.

आत आई खुर्चीत, व्हॅन पदरावर.
"हिचे किती देत होता थो?"
अठराशे.
"बाप्पा," ती म्हणाली,
आणि मागचं दार उघडून
आत काही आहे का ते पाहिलं.