तिसरी पायरी

एकतीस मार्च. जळगावची एमआयडीसी.
पत्र्याच्या शेडवर ऊन असं, की कॅल्क्युलेटर बोटाला चटका देतो.
चटईच्या कारखान्याची किंमत लावायला आले आहे मी.
फक्त आजची.
कालची कपाटात आहे, उद्याची विचारू नका.

नियमाच्या पायऱ्या तीन.
पहिलीवर धाप लागत नाही :
तिजोरीतलं तीनशे ग्रॅम सोनं,
सराफ बाजारात आज जो भाव, तोच.
गुणाकार करायचा, पाणी प्यायचं.

दुसरी, प्लॉटची.
शेजारची डाळ मिल गेल्या वर्षी विकली गेली,
पण ती बँकेच्या दट्ट्याखाली, पंधरा दिवसांत.
घाईतला सौदा धरायचा नसतो.
मग त्यापलीकडचा पाइपवाला धरला.
त्याचा प्लॉट कोपऱ्यावरचा, म्हणून थोडं वजा,
आपल्याकडे बोअरला पाणी, म्हणून थोडं अधिक.
सोयरीक जुळवताना करतात
तसंच हे, थोडं डावं-उजवं.

तिसरी पायरी म्हणजे चार नंबरचं मशीन.

मूळचं कुठलं, पाटी उरली नाही.
सुपडू मिस्तरीने वीस वर्षांत
त्याला दुसऱ्याच मशीनचे हात बसवले,
भंगारातला गिअर, सायकलची चेन.
आता ते काठावर मोर विणतं
आणि दर तेराव्या मोराची मान वाकडी.
असं दुसरं मशीन जिल्ह्यात नाही,
म्हणजे बाजार नाही, म्हणजे भाव नाही.

तेव्हा नियम सांगतो : गिऱ्हाईक कल्पा.
सुजाण, राजीखुशीचा, कुणाचा नातेवाईक नसलेला,
ज्याला ना घाई, ना दया.
तो शेडमध्ये येतो. चपला काढत नाही.
मोराकडे बघत नाही, पुढच्या सात वर्षांचे मोर मोजतो
आणि त्यांना आजच्या रुपयात आणतो
चौदा टक्क्यांनी.
मी चौदाचे साडेपंधरा करते,
अकरा लाख रुपये निघून जातात,
आवाजसुद्धा होत नाही.
परत चौदा करते. परत येतात.

"हाई मशीन मनासंगे बोलस, ताई,"
सुपडू तेलकट फडक्याला हात पुसत म्हणतो.
मी विचारते, तुम्ही नसाल तेव्हा?
तो गिअरवर कान ठेवतो. उत्तर देत नाही.
रकाना रिकामा ठेवता येत नाही,
मी दोन टक्के आणखी कापते.

मग केवलचंदजींच्या केबिनमध्ये, कर्ज.
कंपनीचे रोखे, शंभराचा एक.
मुंबईत आज ब्याऐंशीला मागतात.
"म्हणजे शंभरामागे अठरा रुपये," मी सांगते,
"तुमचा फायदा. खात्यात दिसेल."
"कशाबद्दल?"
"तुम्ही फेडाल असं लोकांना तितकंसं वाटत नाही, त्याबद्दल."
ते हसले. पोट धरून हसले.
मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"म्हणजे पुरते बुडालो की श्रीमंत?"
"कागदावर."
"आमचे वडील शंभर घ्यायचे नि शंभर लिहायचे."
"तेही चालतं," मी म्हटलं, "पण तुम्ही पहिल्या वर्षी
दुसरी पद्धत निवडलीत. आता बदलता येत नाही."
त्यांनी चहा मागवला. तीन कप आले.
तिसरा कुणाचा, पोऱ्यालाही सांगता आलं नाही.

संध्याकाळी तळटीप लिहिते :
महत्त्वाची गृहीतकं, ती थोडी हलली तर किती हलेल.
वाकड्या मानेचं लिहित नाही. हे लिहिते, की
हा आकडा कुणी दिलेला नाही,
आम्ही ठरवला आहे, आणि कसा, ते खाली पाहा.

बाहेर चार नंबर अजून चालू आहे.
सुपडूने एक मोर कापून दिला मला, वाकड्या मानेचा,
"हाऊ इकाले जात नाही," म्हणाला.
तो फाइलवर ठेवला आहे, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून.

रात्री बारापर्यंत सगळे आकडे खरे आहेत.
आत्ता सात वाजून दहा मिनिटं झाली.