पाच लिटर, तीन लिटर

व्यंकटमामांची कोडी सगळी लातूरची.
गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात,
एकाने आत शिरायचं, दुसऱ्याने बाहेर पडायचं,
किती तऱ्हांनी?
दोनशे चाळीस, मी पटकन म्हणालो.
कौसामावशी शेंगा फोडता फोडता:
"दोनशे चाळीसदा गेलास,
अन् बाजारातून आणलास काय?"

मे महिना. औसा रोडची गच्ची. लाईट गेलेली.
प्रणिताने वाघ, शेळी आणि गवताचा भारा
मांजरेच्या काठावर आणून उभा केला.
नावाड्यासोबत एका वेळी एकच.
शेळी वाघाजवळ ठेवायची नाही,
गवत शेळीजवळ नाही.
शेजारचा अदनान खो खो हसत सुटला:
"नाव कायला पाहिजे? चालत जा म्हणावं.
चप्पल बी भिजायची नाही."
आणि वाघ, शेळी, भारा घेतलेला नावाडी
वाळूतून एका रांगेत निघून गेले.
कोडं तिथंच मेलं.

मग मी माझं काढलं,
आठवीच्या पोरांना दर वर्षी घालतो ते.
एक भांडं पाच लिटरचं, एक तीनचं.
खुणा नाहीत, मापं नाहीत.
बरोब्बर चार लिटर काढून दाखवा.

कुणी बोलेना, तेव्हा मीच सांगू लागलो,
शिकवण्याची खोड:
पाचाचं भरा, तिनात ओता, उरले दोन.
आता तिनाचं भांडं ओतून रिकामं करा...

"ओतून?"

मावशीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"म्हणजे, सांडून द्यायचं."

"कुठं?"

मी गप्प.
पुस्तकात एवढंच असतं: रिकामं करा.
पुस्तकातला नळ कधी बंद होत नाही.
इथला गुरुवारी येऊन गेलाय,
आता थेट पुढच्या रविवारी, आला तर.

मावशी उठली. जिन्यावर तिच्या पायांचा आवाज,
मग भांड्यांचा.
काठोकाठ भरलेली आठ लिटरची कळशी,
गोडेतेलाचा तोंड कापलेला पाच लिटरचा डबा,
आणि तीन लिटरचा कुकर, शिट्टीवाचून.
"मोबाईल धर नीट," मला म्हणाली.

कळशीतून डबा भरला.
डब्यातून कुकर.
कुकर परत कळशीत. "हे माझं ओतणं. बघितलास?"
डब्यातले दोन कुकरात.
कळशीतून पुन्हा डबा, काठापर्यंत.
कळशीच्या तळाशी एक लिटर, काळोख धरून.
डब्यातून कुकरात मावेल तेवढं,
एकच मावलं.
डब्यात चार.
मग कुकर कळशीत, अन् कळशीतही चार.

फरशीवर तीनेक थेंब पडले असतील.
प्रणिताने ते बोटाने पुसून कपाळाला लावले.

"सात ओतण्या," व्यंकटमामा पुटपुटले,
"सहात बसतंय का बघू,"
आणि शेंगांची टरफलं मांडून
एकटेच हिशोब करत बसले.

मी विचारलं, कुठं वाचलंस हे?
"वाचायला कुठं बसू?
रेल्वेनं पाणी आलतं बघ त्या साली,
मी अन् खुर्शीद असंच वाटून घ्यायचो.
ती म्हणायची तुझं जास्त गेलं, मी म्हणायची तुझं.
भांडण मिटंना, तवा ह्या तीन भांड्यांनी मिटवलं."

पलीकडच्या गच्चीवरून खुर्शीदआपा:
"झूठ! कुकर माझा होता!"

डबा अदनानने खाली नेला, दोन्ही हातांनी,
जिन्यात एक पायरी चुकून
पुन्हा नीट धरून.

पुण्याला आल्यावर वही उघडली,
तेच पान, तेच कोडं, माझ्याच अक्षरात:
तिनाचं भांडं ओतून रिकामं करा.
त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं,
कुठं?
आणि कंसात: दोन गुण.

सहात बसत नाही, मामांचा फोन आला परवा.
रात्री दीड वाजता.