कटचा भूतकाळ

वेंगुर्ल्यात येईपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता.
शिकवला मात्र होता, बार्शीच्या कॉलेजात, दोन वर्षं,
पत्र्याखाली, अंगावर ज्वारीच्या मळणीची धूळ घेऊन:
समुद्र म्हणजे अनंत. वादळ म्हणजे मनाची उलघाल.
मुलं लिहून घेत. त्यांनीही पाहिला नव्हता.
आमचं बरं चाललं होतं.

इथे तो वर्गाच्या खिडकीतून दिसतो.
अडीचच्या तासाला तर थेट डोळ्यांवर येतो,
म्हणून मी एक झडप लावून घ्यायचो
आणि फळ्यावर बरोबरची चिन्हं काढायचो.
कादंबरी जुनी, इंग्रजी, धुकं फार.
खडकावर दीपगृह, दीपगृहात एक राखणदार,
भावाशी त्याचं वैर. भावाचं जहाज येणार त्या रात्री
तो दिवा लावत नाही.
पुढची तीनशे पानं पश्चात्ताप करतो.

दिवा बरोबर विवेक.
धुकं बरोबर संशय.
खडक बरोबर (इथे गाइडांत मतभेद आहेत)
नियती, किंवा राखणदार स्वतः.

शेवटच्या बाकावरून उज्ज्वला खवणेकर उठली.
"सर, त्या दिव्यात त्याल कोण घाली?"
वर्ग हसला. मी म्हटलं, हे परीक्षेला येत नाही.
बसता बसता ती म्हणाली,
"आणि जहाजार भाव एकलोच होतो काय?"

मी पान उलटलं.
बाकीच्यांची नावं कादंबरीत नव्हती.

'दिव्याचे प्रतीक सोदाहरण स्पष्ट करा. गुण दहा.'
तिनं दिव्याबद्दल दोन ओळी लिहिल्या
आणि मग सरळ बापाच्या होडीत जाऊन बसली.
रात्र, निवतीच्या बाहेर, जाळी पाण्यात.
लांबवर पर्ससीनवाल्यांची बोट कलंडलेली,
तेच पर्ससीनवाले, ज्यांनी दोन मोसम बांगडा खरवडून नेला,
ज्यांच्यावर बापानं बंदरात दगड मारले होते.
जाळी ओढून घ्यायला तास लागतो.
बापानं कोयता घेतला.

नऊ जण आणले. एक थंड होता.
घरी येऊन तो कुणाशी बोलला नाही.
आईनं जाळ्याची किंमत विचारली,
तो आकडाही उत्तरपत्रिकेत होता, कर्जाच्या हप्त्यासकट.
शेवटची ओळ: सर, यात प्रतीक नाही. जाळं म्हणजे जाळं.

आदर्श उत्तरात चार मुद्दे होते.
चारांतला एकही तिच्याकडे नव्हता.
शिवाय 'कट' या क्रियापदाला तिनं भूतकाळाचा प्रत्यय लावला होता.
'कट'चा भूतकाळ 'कट'च.
काल कापलं काय, आज कापलं काय, शब्द हलत नाही.
मी त्याखाली तांबडी रेघ मारली, दोनदा,
आणि तीन दिले.
मग माणुसकी म्हणून साडेतीन.

आता एकोणीस वर्षं झाली.
मी निवृत्त आहे. दिवा, धुकं, खडक
सिलॅबसमधून गेले, त्यांच्या जागी संभाषणकौशल्य आलं.
मासे खायला शिकलो, बार्शीला अजून माहीत नाही.
मंगळवारी बाजारात ती बसते,
पाटीपुढे, चष्मा लावून, हिशेब तोंडी.
मी कधी विचारलं नाही, त्या वर्षी तू पास झालीस का.
यादी लागली तेव्हा मी गावी होतो.
होतो म्हणजे, गेलो होतो.

परवा तिनं आठ बांगडे मोजले
आणि नववा वर टाकला.
मी पाकीट चाचपत उभा. म्हणाली,
"ह्यो वरचो, सर. ह्येचो अर्थ काढू नकात."

घरी येऊन पिशवी रिकामी केली.
आठ एकीकडे, तो एक वेगळा ठेवला,
डोळा उघडा, पाठीवर निळ्या रेघा.
सुरी हातात होती.
भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते
आणि खिडकीला, या घरात, झडप नाही.