खिसे

बर्मंडसीच्या धोबीखान्यात केझाया थर्लो
कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसे उलटे करायची.
एक विसरलेली शाईपेन्सिल, म्हणायची,
अख्खी भट्टी जांभळी करते.

वाचता येत नव्हतं तिला.
चरकावरच्या टिलीला कुणी गोड बोलणारी बाई
"चांगल्या घरी कामाला" म्हणून घेऊन गेली.
टिली परत आली ती मुकी होऊन.
पोलिसानं विचारलं, वय?
तेरा वर्षं, एक महिना.
मग कायद्याचा इलाज नाही, तो म्हणाला,
बोट त्या एका महिन्यावर ठेवून.

केझायानं अर्जावर फुली मारली.
मग खळीनं भेगाळलेले हात घेऊन
दारोदार फिरली, गोळा केल्या
आणखी तीनशे फुल्या.

पंच्याऐंशीच्या ऑगस्टात कायदा झाला.
तेराचे सोळा झाले.
हाइड पार्कातल्या गर्दीत ती टिलीला घेऊन गेली.
टिली बोलली नाही. पण चालली,
पूर्ण वाट.

आणि कुणीच सांगितलं नव्हतं केझायाला
की एका रात्री उशिरा, सभागृहातले लोक पेंगुळलेले असताना,
त्याच कायद्याच्या खिशात
कुणीतरी चार ओळी सरकवल्या होत्या.
कलम अकरा.

दहा वर्षांनी सायलस, तिचा धाकटा, पुस्तकं शिवणारा.
एक खोली, एक किटली, आणि लेनर्ड.
घरमालकिणीनं कळवलं.
कारकुनानं कायद्याचं नाव वाचलं, साल वाचलं,
तशी मागच्या बाकावर केझाया उभी राहिली.
"चुकताय तुम्ही. तो मुलींचा आहे.
तो माझा आहे."
बसा, बाई.

दोन वर्षं सक्तमजुरी.
डांबरी दोर उसवून उसवून
सुटला तेव्हा सायलसला
सुईत दोरा ओवता येईना.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, शेजारीण म्हणाली.
केझायानं इस्त्री ठेवली.
"ओलं आपण होऊन नाही जात गं आगीत.
कुणीतरी उचलून टाकतं."
मग फुली मारल्याचा पस्तावा होतो का?
टिलीला तेव्हा मुलगी होती, बारा वर्षांची.
तिच्याकडे बघ, म्हणाली, आणि परत विचार.

मी केझायाची नात.
साल सदुसष्ट. होलबर्नमधलं तळघर,
लिफाफे चिकटवून जिभेवर गोंदाची चव.
नवा मसुदा आलाय. हेरल्ड टेबलावर चढून नाचतोय,
साठ वर्षांचा माणूस, मोजे फाटलेले.
मलाही नाचायचंय.
पण आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

एकवीस पूर्ण हवीत.
दार बंद हवं, तिसरं कुणी नको.
खलाशांना नाही. सैनिकांना नाही.
स्कॉटलंडला नाहीच.

"अगं, झालं ना एकदाचं!" हेरल्ड ओरडतो.
झालं, मी म्हणते. खरंच झालं.
आणि पेन्सिल घेऊन
समासात मारत जाते
एकेक फुली.